हात घ्या, तोंड नको

आमच्या गावातल्या महिला मंडळाच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे काय छापायचं, यावर एकदा चांगलीच चर्चा रंगली. लेखिका? लघुपट-दिग्दर्शिका? की प्राध्यापिका? शेवटी जागा कमी पडली म्हणून नुसतंच ‘सौ.’ छापलं! हळदीकुंकवाला भेटणाऱ्या मैत्रिणी तर सरळच विचारतात, ‘‘ते सगळं ठीक आहे गं, पण तू नोकरी कुठे करतेस?’’

तशी नोकरी नाहीच. मी लिहिते, लघुपट करते आणि तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर चित्रपट अभ्यास शिकवते. यातलं लिहिणं सगळ्यात आधीचं. सिनेमा आला तो २००४ साली. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांचा मिळून चित्रपट रसास्वादाचा महिनाभराचा वर्ग असायचा, तिथे माझी निवड झाली. मुलगा चार वर्षांचा. सासूबाई म्हणाल्या, ‘‘महिनाभर नुसता सिनेमा बघायला जाणार?’’ आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाल्या, ‘‘जा. आंब्याचे दिवस आहेत, राहील पोरगं माझ्याकडे.’’

त्या महिन्यात एक गोष्ट मनाने घेतली. सिनेमा करायला मुंबईत जन्मावं लागत नाही! सुमित्रा भावेंचंच बघा ना. त्या समाजशास्त्राच्या अभ्यासक, पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवायच्या. सिनेमाचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. झोपडपट्टीतल्या बायका स्वतःकडे कशा बघतात, याचा त्यांनी अभ्यास केला. पण तो अहवाल त्या बायका वाचणार कशा? म्हणून १९८५ मध्ये ‘बाई’ हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे सुनील सुकथनकरांच्या जोडीनं ‘दोघी’, ‘दहावी फ’, ‘देवराई’, ‘कासव’... २०२१ मध्ये त्या गेल्या. पटकथा त्या स्वतः लिहायच्या. मला त्यांच्या पुरस्कारांपेक्षा तो पहिला प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो : जिच्याविषयी मी बोलतेय, तिच्यापर्यंत हे पोचणार आहे का?

माझा स्वतःचा लघुपट बेदाण्यावरचा. आमच्या तासगाव भागात द्राक्षं शेडमधल्या जाळ्यांवर वाळतात, आणि मग बायका ओळीनं बसून काड्या, काळे दाणे निवडतात. दिवसभर. मान खाली, बोटं मात्र मशीनसारखी. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका ओळखीच्या मुलाचा कॅमेरा भाड्यानं घेतला आणि आठवडाभर त्यांच्यात जाऊन बसले. पहिले दोन दिवस कॅमेरा पिशवीतच होता. मीही निवडायला बसले, तर माझ्या ढिगाकडे बघून सगळ्या हसायच्या.

तिसऱ्या दिवशी एक मावशी म्हणाल्या, ‘‘हात घ्या बाई, तोंड नगं. पोराची सोयरीक जमलीया. व्याह्यास्नी आमी घरीच असतो म्हणून सांगितलंय.’’

घेतले हात. किती तऱ्हेचे हात असतात! भेगा पडलेले, चिकट झालेले, बांगड्या वर सारून बांधलेले. काम पूर्ण होत आलं तेव्हा शेडमध्येच लॅपटॉपवर सगळ्यांना दाखवलं. मावशींनी एके ठिकाणी बोट ठेवलं. मनगटावरचं गोंदण दिसत होतं. ‘‘ह्यावरनं गाव वळखंल.’’ शॉट चाळीस सेकंदांचा होता, शेडच्या फटीतून ऊन आलेलं, सगळ्या लघुपटात तेवढं देखणं दुसरं काही नव्हतं. मी तो काढला. एका जाणकारांनी नंतर सुनावलं, ‘‘चेहराच नाही, महोत्सवात कोण घेणार?’’ दोन ठिकाणांहून परत आलाही. पण मावशींच्या मुलाचं लग्न झालं, मी जेवून आले. मावशींना विचारूनच हे लिहितेय, आणि गाव अजूनही सांगत नाही.

वर्गात ही गोष्ट सांगते तेव्हा मुलं हळहळतात, ‘‘मॅडम, एवढा भारी शॉट घालवलात?’’ मग मी लॉरा मल्वी काढते. ही ब्रिटिश बाई, लेखिका, सिनेमा करणारी आणि लंडनच्या बर्कबेक कॉलेजात शिकवलेली. सिनेमातली बाई ही बहुतेक वेळा पुरुषाच्या नजरेनं बघण्याची वस्तू होते, हे तिनं १९७५ च्या एका लेखात मांडलं. दोनच वर्षांनी पीटर वोलनबरोबर ‘रिडल्स ऑफ द स्फिंक्स’ हा सिनेमा केला. त्यात एक आई आणि तिची छोटी मुलगी आहे. कॅमेरा स्वयंपाकघरात सावकाश गोल फिरतो, ओट्याच्या उंचीवरून, आणि आईचे काम करणारे हात दिसत राहतात. मुलं आधी जांभया देतात, खोटं कशाला बोलू! पण मागच्या वर्षी एक मुलगी तास संपल्यावर म्हणाली, ‘‘मॅडम, आमच्या घरात आईचा एकही फोटो नाही. सगळे तिनंच काढलेत.’’

तिला पुढे हेच शिकायचंय म्हणून ती आईला घेऊन भेटायला आली. आईनं पाणीसुद्धा न पिता विचारलं, ‘‘यात घर चालतं का?’’

मी सांगितलं ते असं. एकट्या लिहिण्यावर चालत नाही. लघुपट बहुतेक वेळा घरचेच पैसे खातो. तासिकांचे पैसे रखडतात, कधी सहा-सहा महिने. तिन्ही मिळून आणि नवऱ्याचा पगार धरून चालतं. मुलीनं आधी पदवी पुरी करावी, संकलन नीट शिकावं, कारण लग्नाच्या व्हिडिओपासून बातम्यांपर्यंत संकलन करणाऱ्याला काम मिळतं, आणि लिहिणं सोडू नये.

आईनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, ‘‘शिकू दे. पण सहाची एसटी चुकता कामा नये, तेवढं बघा.’’

सिनेमा दाखवायचा तास तोवर संध्याकाळी असायचा. आता तो दुपारी एकला घेते. खिडक्यांना काळे पडदे लावावे लागतात आणि मार्च उजाडला की आत भयंकर उकडतं.