बांगड्या, पिस्टन आणि हिशेबाची वही

लालबागच्या आमच्या चाळीतल्या एका वहिनींची ही १९८७ सालची गोष्ट. यजमानांचा एकच ट्रक, जुना टाटा १२१०. त्याच्यावर पाच माणसांचे घर, दोन मुलांची शाळा आणि कर्जाचा हप्ता. एका संध्याकाळी यजमान तोंड पाडूनच घरी आले. घाटात गाडी ओढत नव्हती, मागून काळानिळा धूर, आणि डिझेल तर पाण्यासारखे जात होते. मेकॅनिक म्हणाला होता, "इंजिन उतरवावंच लागेल." खर्चाचा आकडा ऐकून वहिनींनी आपल्या बांगड्यांकडे पाहिले.

"बांगड्या देईन," त्या म्हणाल्या, "पण पैसा कशात जातो ते मला आधी कळलं पाहिजे."

आता तुम्ही म्हणाल, आपल्याला इंजिनातले काय कळणार? पण कुकरची रिंग सैल झाली की वाफ बाजूने निघून जाते, शिट्टी होत नाही आणि गॅस फुकट जळतो, हे आपल्याला कळतेच ना? जुन्या इंजिनाचे दुखणेही तेच.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन सिलिंडरमधली हवा साधारण पंधरा ते वीस पट दाबतो. सायकलला हवा भरताना पंप गरम लागतो, तशीच ही हवा तापते. इतकी, की तिच्यात उडवलेले डिझेल आपोआप पेट घेते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने असे इंजिन १८९७ साली यशस्वीपणे चालवून दाखवले. वर्षानुवर्षे घासून पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर झिजले, की दाब बाजूने निसटतो. ताकद कमी होते, डिझेल जास्त लागते.

मुंबईला इंजिनाची ही उस्तवारी नवी नाही. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज आणि फार्गो ट्रक तिथलेच. जुन्या ट्रकचे पेट्रोल इंजिन काढून डिझेलचे बसवून घेणारेही पुष्कळ होते, कारण तेवढेच ओझे डिझेलवर स्वस्तात ओढले जाई. टाटांनी १९५४ मध्ये जर्मन डेमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रक काढले. १२१० हे नाव त्याच घराण्यातले: १२ म्हणजे मालासकट सुमारे १२ टन वजन आणि १० म्हणजे सुमारे १०० घोड्यांची ताकद.

मेकॅनिकने एक सोपा उपायही सुचवला होता. "इंजिन राहू दे, पंपाचा स्क्रू वाढवून देतो. गाडी पळेल बघा!" यजमानांना ते पटलेही होते. वहिनींनी विचारले, "डिझेल जास्त जाईल, पण हवा तेवढीच ना? चुलीत लाकडं कोंबली की धूरच होतो!" त्यांचे बरोबर होते. हवा न वाढवता डिझेल वाढवले तर थोडा जोर येतो खरा, पण काळा धूर आणि उष्णताही वाढते, आणि शेवटी पिस्टनच जळतो. हवा वाढवायला टर्बोचार्जर लागतो. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा तो पंखाच. पण वाढलेला दाब जुन्या इंजिनाच्या अंगाला सोसेलच असे नाही.

तेव्हा ठरले, हरवलेली ताकद परत आणायची, नवी उसनी घ्यायची नाही. सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन-रिंगा, क्रँक ग्राइंड करून नवी बेअरिंगे, वॉल्व घासून बसते केलेले, नवे हेड गॅस्केट, आणि पंप व नोझल तपासून जुळवलेले. सुटे भाग ऑपेरा हाऊसकडच्या दुकानांतून आणले. वहिनी स्वतः बरोबर गेल्या. बिल लिहून घेतले, आणि काढलेले जुने भाग पिशवीत घालून घरी आणले! गॅरेजमधले हसले, पण न बदललेल्या भागाचे पैसे मग कोण लावणार?

तुमच्या घरी अशी गाडी असेल तर एवढे ध्यानात ठेवा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टर पाहा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. गरम इंजिनातूनही सतत पांढरा धूर येत असेल तर नोझल आणि गॅस्केट तपासा. खोलण्यापूर्वी कॉम्प्रेशनची चाचणी करायला सांगा. इंजिन बांधून झाल्यावर सुरुवातीला ओझे कमी, वेग बेताचा आणि ऑइल लवकर बदलायचे. इंजिनच दुसरे बसवायचे तर आर.टी.ओ.ची परवानगी आणि पुस्तकात नोंद हवीच.

आणि वही! वहिनी टाकी काठोकाठ भरायला लावून किलोमीटर आणि लिटर लिहून ठेवीत. पूर्वी लिटरला चार किलोमीटर पडत, नंतर साडेचार पडू लागले. अर्ध्या किलोमीटरने काय होते? महिन्याला ३,००० किलोमीटर धरा: पूर्वी ७५० लिटर, आता ६६७. ८३ लिटर वाचले! शिवाय घाटात रात्र काढणे टळले ते वेगळेच.

तो ट्रक पुढे विकला गेला. मुंबईत जुन्या डिझेल गाड्यांवर न्यायालयाच्या आदेशांनी बंधने आली, आणि १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बी.एस. ६ हे प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले. आताच्या इंजिनांचे दुखणे संगणक लावून पाहतात. बांगड्या मात्र दुसऱ्या दिवाळीला सुटल्या. पण वहिनी सांगतात त्या बांगड्यांचे नव्हे, त्या वहीचे कौतुक. "सोनं गहाण टाकताना हात थरथरत होता गं," त्या म्हणतात, "पण कशासाठी टाकतेय ते माहीत होतं."