मिठाच्या वाटेने सहकुटुंब

आमच्या वाशीम जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही, एवढे सांगण्याबद्दल सरकारने मला तेहतीस वर्षे पगार दिला. मी भूगोलाचा मास्तर. खारे पाणी पाहायचे तर आमच्या बाजूला एकच जागा. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातले, उल्का आदळून पडलेल्या खळग्यातले लोणारचे सरोवर. एकदा शाळेची सहल तेथे नेली होती, तेव्हा याडीही बरोबर आली होती. तिने पाण्यात बोट बुडवून जिभेला लावले आणि तोंड असे केले की, पुढचे आठ दिवस मुले तिची नक्कल करीत होती.

याडी म्हणजे आई. आम्ही बंजारा. घरात गोरबोली, बाजारात वऱ्हाडी, आणि लिहिताना हे असे शाळेतले मराठी. याडीला यंदा एक्याऐंशी पुरी झाली. गेली बारा-पंधरा वर्षे तिचा प्रवास म्हणजे रामनवमीला पोहरादेवीपर्यंत, सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला. आमच्या मानोरा तालुक्यातच ते ठिकाण, म्हणून जमे. त्यापलीकडचे नाव काढले की तिचे गुडघे दुखू लागत.

खरे कारण गुडघे नव्हते, हे आमच्या सौभाग्यवतीने ओळखले. म्हाताऱ्या माणसाला तासा-दोन तासाने उठावे लागते. गाडी थांबेल तेथे आडोसा असतोच असे नाही. असला तर तेथवर पाय पोचत नाहीत. पोचले तर आत उकिडवे बसवत नाही. म्हणून ही बाई प्रवासाच्या आदल्या दिवसापासून पाणी पिणे सोडायची. मे महिन्यात, वऱ्हाडात! पुरुषमंडळींच्या हे ध्यानात येत नाही. माझ्याही आले नव्हते, आणि मी तिचा मुलगा.

तोड काढली ती पुण्यास नोकरी करणाऱ्या आमच्या कन्येने. ती म्हणाली, “बाबा, लॉजमधल्या खोल्या घ्यायच्याच नाहीत. घरच भाड्याने घेऊ, चाकांचं.”

या चाकांच्या घराला कॅराव्हॅन म्हणतात. साहेबलोकांकडे हा प्रकार जुना; आपल्याकडे महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणच मंजूर केले, तेव्हापासून हे नाव कानांवर येऊ लागले. मिनीबसएवढी गाडी. आत चौघा-पाचांना निजायला फळ्या, दोन भांड्यांची चूल, हातभर फ्रीज, आणि मागच्या बाजूस कपाटासारखे दार उघडले की आत बसायचे शौचकूप, मूठ धरायला दांडी, हात धुवायला नळ. पोटाखाली तीन टाक्या: एक चांगल्या पाण्याची, एक सांडपाण्याची, आणि तिसरी कशाची ते वाचकांनी ओळखावे. ही तिसरी वेळेवर आणि योग्य जागी रिकामी करणे, हेच या सहलीतले सर्वांत मोठे व्यवस्थापन. चित्रांच्या रंगीत पुस्तिकेत त्याचा उल्लेख नसतो. दिवे-पंखे बॅटरीवर चालतात. पण थंड हवेचे यंत्र रात्रभर चालवायचे तर कोणाच्या तरी घरचा विजेचा खटका लागतो. भाड्याचा आकडा ऐकून मी खाली बसलो. निम्मे मुलीने भरले.

गाडी पुण्याहून मिळणार होती. तेथवर आगगाडीने गेलो. आगगाडीला याडीची हरकत नसते, कारण उघड आहे. पुण्याला तिने आधी मागचे दार उघडून पाहिले, दांडी धरून दोनदा उठबस केली, आणि मग एक तांब्या पाणी प्याली. त्या तांब्यानेच माझे पैसे वसूल झाले.

ताम्हिणी घाट उतरताना पहिला धडा मिळाला. चालत्या घरात काही ठेवायचे नसते, बांधायचे असते. डाळीचा डबा सुटला आणि डाळ चालकाच्या पायांपर्यंत गेली. चालक साताऱ्याकडचा, शांत माणूस, त्याने मागे न पाहता विचारले, “तूर की मूग?” याडी म्हणाली, “आपले लोक बैलावर घर बांधून न्यायचे, एक दाना नाही सांडायचा.”

ही तिची नुसती ऐट नव्हती. आमच्या जातीला लमाण म्हणतात. तो शब्द लवण म्हणजे मीठ यावरून आला, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. रेल्वे येण्यापूर्वी दख्खनची धान्यमिठाची वाहतूक या लोकांच्या बैलांच्या पाठीवर होती. या व्यापाराला आमच्याकडे लदेणी म्हणतात. वऱ्हाडचा कापूस आणि धान्य खाली न्यायचे, कोकणपट्टीचे मीठ घाट चढवून वर आणायचे. सतराव्या शतकात ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या हिंदुस्थानात हिंडला. दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे तांडे वाटेत भेटल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. बायकामुले बरोबर असत. मूल वाटेत जन्मे, म्हातारे वाटेत मरे. आर्थर वेलस्लीच्या फौजेलाही दख्खनच्या मोहिमेत धान्य पुरवीत ते बंजारेच. १८०३ साली अकोल्याच्या बाजूला अडगावची लढाई झाली ती याच मोहिमेत. पुढे १८६७ साली रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. जे मीठ आणायला तांड्याला महिने लागत, ते डब्यातून दोन दिवसांत येऊ लागले. बैल विकले गेले. जंगलकाठाला पाले पडली ती तेथेच राहिली, आणि त्यांचेच पुढे तांडे नावाचे वाडे-वस्त्या झाल्या. आमचा तांडा त्यांतलाच.

समुद्र पहिल्यांदा दिसला हरिहरेश्वरला. याडीला काय वाटेल याची आम्ही सगळ्यांनी मनात कल्पना केली होती. चिरंजीव तर मोबाईल रोखून उभे. ती दगडावर बसली, आलेल्या लाटेत बोट बुडवले, चाखले आणि म्हणाली, “लोणारपरीस बरं हाय.” नंतर मात्र अर्धा तास ती उठेना. चहा तेथेच नेऊन दिला.

कोकणच्या किनाऱ्याने उत्तरेकडून दक्षिणेकडे जायचे म्हणजे खाड्या ओलांडणे आले. पूल झाले आहेत, तरी काही ठिकाणी अजून तर लागते. बागमांडल्याहून वेसवीला, दाभोळहून धोपाव्याला, तवसाळहून जयगडला मोटारी तरीवर चढवून पलीकडे नेतात. आमचे घर उंच आणि शेपटीला लांब. वेसवीकडे जाताना उतरणीवर मागचा भाग खरवडला, तेव्हा तरीवरची सगळी माणसे सल्लागार झाली. कोणी म्हणे तिरपी घ्या, कोणी म्हणे भरती येऊ द्या. भरतीचे म्हणणारा म्हातारा कोळी बरोबर निघाला. पाणी चढले की तर उंच होते आणि उतार सपाट पडतो. पुढच्या दोन्ही तरींना आम्ही भरतीचे वेळापत्रक पाहूनच गेलो. भूगोलाच्या मास्तराला हे आधी सुचायला हवे होते.

केळशी, आंजर्ले, हर्णै. दिवसा उकाडा असा की अंगावरचा सदरा पिळून घ्यावा. आमच्याकडे पारा चव्वेचाळीसवर जातो, येथे तेहतीस-चौतीस. तरी आमच्या उन्हाला सावलीत गेले की सुटका असते, येथे सावलीही ओली. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाचनंतर किनारा. मधला वेळ आंबराईच्या सावलीत गाडी लावून भाकरी-पिठले, हापूस आणि झोप. सौभाग्यवतीने वीतभर ओट्यावर ज्वारीची भाकरी थापली, हे मी नोंदवून ठेवतो. आसपासच्या पोरींनी तिचे फोटो काढले.

फोटो तर जेथे थांबू तेथे निघत. गाडीत चूल आहे, संडास आहे, म्हटल्यावर लोक दार उघडून आत पाहात, आजीबाईंना हौसेने विचारीत. पण एका गावी (नाव सांगत नाही, तेथलाच एक माणूस पुढे आमच्या उपयोगी पडला) वेगळे घडले. सुरूच्या बनाशी गाडी लावली होती. रात्री नवाच्या सुमारास दोघे आले, बॅटरीचा झोत काचेवर टाकला आणि म्हणाले, “इथे मुक्काम करायचा नाही. गाडी पुढे हलवा.” कन्येने कागद दाखवले, भाड्याच्या पावत्या दाखवल्या. ते म्हणाले, कागद ठीक आहेत, पण कोणीही येतो, राहतो, घाण करतो, येथे नको. त्यांच्या म्हणण्यात खोटे काही नव्हते. किनाऱ्यावर बाटल्यांचा खच आम्हीही पाहिला होता. मी मुकाट्याने चादरी गोळा करू लागलो. चिरंजीव मात्र तावातावाने वाद घालू लागले.

याडी फळीवर उठून बसली होती. तिने नातवाला खुणेने थांबवले. “जाऊ दे. हे बोलणं आपल्याले नवं हाय का?”

गाडीत कोणी बोलेना. ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक असते आणि सहसा कोणी काढीत नाही. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून हिंडणाऱ्या कित्येक जमातींवर जन्माने गुन्हेगार असा शिक्का मारायला सुरुवात केली. बंजाऱ्यांच्याही काही गटांवर तो बसला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. त्या कायद्यातून सुटलेल्या म्हणून विमुक्त. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आमचे नाव आहे. शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या राज्याचे मुख्यमंत्री होते, त्यांच्यामुळे आमच्या पिढीची मान वर झाली, मी शिकलो, मास्तर झालो. तरी गावाबाहेर पाल दिसले की झोत टाकून ‘पुढे हला’ म्हणणारा कोणी ना कोणी प्रत्येक म्हाताऱ्याच्या आठवणीत आहे. याडीच्या लहानपणीही होता.

आणि आठवणीतच कशाला? हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा आमच्या तांड्यातल्या कित्येक घरांना कुलूप लागलेले असेल. दिवाळी झाली की कोणी ऊसतोडीला जाते, कोणी पुण्या-मुंबईच्या बांधकामावर. ट्रकमध्ये भांडी, गोधड्या, कोंबड्या, शाळेतून नाव न काढता नेलेली पोरे. तेही घर चाकांवरच असते. त्याचे फोटो कोणी काढीत नाही.

त्या रात्री गाडी पाच-सहा किलोमीटर पुढे नेली. रस्त्याकडेला एक वाडीवाला पडवीत बसला होता. त्याने हात केला. काय झाले ते विचारले आणि म्हणाला, “खळ्यात घाला गाडी. विहीर आहे, दिव्याला तार ओढून देतो.” सकाळी पैसे पुढे केले तर घेईना. शेवटी याडीने पिशवीतून आमच्या शेतातली तूरडाळ काढली, शेर-दीड शेर, ती घेतली. बदल्यात त्याने आमसुले दिली. याडी खूष. “अशी लदेणी होती,” म्हणाली. दोन जिनसांची अदलाबदल म्हणजे तिच्या दृष्टीने खरा व्यवहार. पैसा हा मागाहून आलेला पाहुणा.

गणपतीपुळे, रत्नागिरी, जैतापूरचा पूल, विजयदुर्ग, मालवण यांबद्दल लिहायचे तर अंक पुरायचा नाही, आणि इतरांनी ते चांगले लिहून ठेवले आहे. आम्हाला ओढ होती शेवटच्या मुक्कामाची. वेंगुर्ल्याच्या खाली शिरोड्याला मिठागरे आहेत. मे १९३० मध्ये येथेच मिठाचा सत्याग्रह झाला, महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून सत्याग्रही आले आणि लाठ्या खाल्ल्या. त्याच साली आमच्या वऱ्हाडात समुद्र नव्हता, म्हणून अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला खाऱ्या विहिरींचे पाणी आटवून सत्याग्रह केला होता. वाशीम तेव्हा त्याच जिल्ह्यात. वेगळा जिल्हा झाला १९९८ साली.

भरतीचे पाणी चरातून आत घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवायचे, ऊन आणि वारा त्याला दाट करीत जातात, आणि शेवटच्या वाफ्यात तळाशी खडे धरतात. फळीने ते ओढून कडेला ढीग लावतात. पाऊस पडला की सारे विरघळते, म्हणून मे महिना म्हणजे घाईचा. दुपारच्या उन्हात ते ढीग डोळ्यांना बघवेनात. याडी काठी टेकीत बांधावरून गेली. काम करणाऱ्या बाईशी तिचे काय बोलणे झाले कोण जाणे. एकीची भाषा मालवणी, दुसरीची गोरबोली, मध्ये वऱ्हाडी. दोघी भाव ठरवीत होत्या, एवढे हातवाऱ्यांवरून कळले. पाच किलो जाडे मीठ घेतले, चिमूटभर ओले, करड्या झाकेचे.

चालकाने पिशवी पाहिली मात्र, त्याची शांती ढळली. “आजी, गाडीत मीठ सांडलं तर पत्रा सडतो. मालक मला सोडणार नाही.”

“बैलाची पाठबी सडायची,” याडी म्हणाली. “म्हून खाली जाड गादी घालायचे.”

तिने गोधडीची घडी मांडीवर घातली, तिच्यावर पिशवी ठेवली आणि पुण्यापर्यंत ती कोणाच्या हाती दिली नाही. वाटेत तिने चालकाला विचारले, येथून आमचा तांडा किती दिवसांचा? तो म्हणाला, सरळ गेलो तर दीड दिवस. मी मनातल्या मनात गणित केले. आठशे किलोमीटरांच्या वर, ओझ्याचा बैल चरत चरत दिवसाला पंधरा-सोळा चालला तर पन्नासहून अधिक मुक्काम. मी तिला आकडा सांगितला. तिने तो दुरुस्त केला. “वाटेत बाळंतपण आलं तर जास्ती.”

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सुनेला वाटी मागितली आणि दारोदार फिरली. घराला एक मूठ. ज्यांच्या दाराला कुलूप होते, त्यांचे मीठ तिने आमच्या फडताळात वेगळ्या बरणीत ठेवले आहे.