घरचा सर्व्हर: वेगाचा हट्ट आणि डेटाची काळजी

भिगवण-कुंभारगावला उजनीच्या काठी रोहित पक्षी टिपायला नेलेला कॅमेरा एका सकाळीत शेकडो रॉ फायली भरून आणतो. बारामती-इंदापूरच्या स्टुडिओंत लग्नसराईचं फुटेज तर त्याहून कितीतरी जास्त जागा खातं. हे सगळं ठेवायला घरीच सर्व्हर उभा करावा, हा विचार योग्यच. पण सॉफ्टवेअर निवडताना पहिला प्रश्न वेगाचा विचारला जातो आणि तिथेच गाडं चुकतं. साध्या गिगाबिट लॅनमधून सेकंदाला जेमतेम ११० एमबी डेटा जातो. आजची चांगली हार्ड डिस्क मोठी फाइल याहून वेगाने वाचते. म्हणजे मोठ्या फायलींचं काम अडतं ते वायरपाशी; महागडी एसएसडी कॅश म्हणून लावली, तरी एडिटिंगला बसणाऱ्याला फरक जाणवणार नाही.

वेगासाठी सुचवला जाणारा एक उपाय तर आपल्याकडे सरळ धोक्याचा आहे: झेडएफएस या फाइलसिस्टिममधलं सिंक बंद करणं. झेडएफएस जुन्या डेटावर न लिहिता नवा डेटा दुसऱ्या जागी लिहितं, त्यामुळे लाइट गेली तरी फाइलसिस्टिम सहसा मोडत नाही. पण सिंक बंद केलं, की ‘लिहून झालं’ असं डेटाबेसला कळवलेले शेवटचे काही सेकंद रॅममध्येच असतात, आणि लाइटबरोबर तेही जातात. जिथे लाइटचा भरवसा नाही, तिथे एसएसडी कॅशचा पैसा यूपीएसवर घालावा. यूपीएस यूएसबीने जोडून बॅटरी संपत आली की सर्व्हर आपोआप बंद होईल, अशी सोयही करून घ्यावी.

‘झेडएफएसला टीबीमागे १ जीबी रॅम लागतेच’ या समजापायी अनेक जण त्याच्या वाटेला जात नाहीत. घरगुती वापराला ८ जीबीत काम भागतं. रॅम खरी खातं ते डीडुप्लिकेशन, आणि ते बंदच ठेवावं. लिनक्सची एक्सटी४ साधी आणि भक्कम आहे, हे खरं. पण फाइलमधला डेटा डिस्कवर गुपचूप बिघडला तर तिला कळत नाही. झेडएफएस प्रत्येक ब्लॉकचा चेकसम ठेवतं आणि महिन्याला एकदा स्क्रब, म्हणजे सगळ्या डेटाची तपासणी, चालवला, की खराब ब्लॉक मिररमधल्या, म्हणजे तोच डेटा ठेवणाऱ्या दुसऱ्या डिस्कवरच्या, चांगल्या प्रतीवरून दुरुस्त करतं. जुने फोटो वर्षानुवर्षं उघडून पाहिलेच जात नाहीत, म्हणून मला हा गुण सगळ्यात मोलाचा वाटतो. ट्यूनिंग हवंच असेल, तर एलझेड४ कॉम्प्रेशन चालू ठेवावं आणि व्हिडिओच्या डेटासेटला रेकॉर्डसाइझ १ एमबी करावी, एवढं बास.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज म्हणजे मिरर असला की बॅकअपची गरज नाही. चुकून डिलीट केलेलं फोल्डर दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जातं. झेडएफएसचा स्नॅपशॉट, म्हणजे आधीच्या क्षणाची गोठवलेली स्थिती, असेल तर ते परत मिळतं. पण चोरी झाली किंवा वीज पडली, तर स्नॅपशॉटही मशीनबरोबर जातो. क्लाउड आहे की, असं कोणी म्हणेल. मात्र ४० एमबीपीएसच्या अपलोडने ४ टीबी चढवायला सलग नऊ दिवसांहून जास्त लागतात, वर दरमहा भाडं. त्यापेक्षा बारामतीच्या सर्व्हरची पहिली प्रत घरीच दुसऱ्या डिस्कवर काढून ती इंदापूरच्या पाहुण्यांकडे एका जुन्या पीसीत बसवावी. पुढे रोज रात्री फक्त बदललेला डेटा झेडएफएस सेंडने जातो. आणि त्या प्रतीतलं एखादं फोल्डर अधूनमधून खरोखर परत आणून, उघडून पाहावं.