घरची पाटी (लेखांक अकरावा) : वेलांटीची बाजू

मुलांच्या चित्रातील माणसाच्या डोक्यालाच थेट पाय फुटलेले असतात, त्या दोहोंच्या मध्ये धड केव्हा येते, हे या खेपेस सांगण्याचे मी कबूल केले होते. परंतु मधल्या टपालाने सातारा जिल्ह्यातील एका भगिनीचे पत्र आले आणि त्यातील एका प्रश्नाने माझा सारा आठवडा व्यापला, तेव्हा धडाला आणखी आठ दिवस थांबणे प्राप्त आहे. त्यांचा पावणेपाच वर्षांचा मुलगा आपण होऊन शब्द लिहू पाहतो, काना, मात्रा, उकार जागच्या जागी देतो. पहिली वेलांटी तेवढी दर वेळी अक्षराच्या पुढे, उजव्या अंगाला काढतो. दहादा पुसून दाखविले तरी फरक पडत नाही. हा हट्ट समजावा की दृष्टीचा दोष, असे त्या विचारतात.

बाई, तुमच्या मुलाचा कान चांगला आहे, म्हणून असे होते. माझी ही खात्री आमच्या नातीच्या पाटीवरून झाली. गेल्या पावसाळ्यात ती ओटीवर पाटी घेऊन बसली होती आणि आजीने सांगितलेल्या वाणसामानाची यादी लिहीत होती. ‘मिरची’ हा शब्द आला तेव्हा तिने तो आधी ओठांवर घोळविला, ‘म्’ म्हणून ओठ मिटले, मग ओठ फाकवून ‘इ’ लांबविली, आणि ज्या क्रमाने ऐकले त्याच क्रमाने पाटीवर रुजू केले: प्रथम म, त्यानंतर वेलांटीची काठी, तिचे वळण पुढे झुकलेले, त्याखाली र, आणि शेवटी दुसऱ्या वेलांटीचा ची. पाटीवर उमटले ‘मरिची’. सप्तर्षींतील एका ऋषीच्या नावाशेजारी नेऊन ठेवणारी ही चूक मी तशीच राहू दिली, कारण तीत ध्वनीचे जे पृथक्करण होते ते कोणी तिला शिकविलेले नव्हते.

आपल्या लिपीची या बाबतीतील कैफियत ऐकण्यासारखी आहे. काना अक्षराच्या उजवीकडे येतो, मात्रा माथ्यावर बसते, उकार पायाशी लोंबतो, दुसरी वेलांटीही उजवीकडूनच उतरते. एकटी पहिली वेलांटी, उच्चारात व्यंजनाच्या मागून येत असूनही, लेखनात त्याच्या अगोदर जाऊन उभी राहते. आपण ‘क, का, कि, की’ असे एका दमात घोकलेले असल्यामुळे ‘कि’ हा आपणास अखंड एकच ठसा वाटतो आणि त्यातील विसंगती ध्यानात येत नाही. ज्याने बाराखडी घोकलेली नाही, कानाने ऐकून हाताने लिहावयाचे एवढेच ज्याला ठाऊक आहे, त्याला ती पहिल्याच दिवशी अडते.

आणि ही विसंगती सनातनही नव्हे. भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली सोपारे येथे अशोकाच्या आठव्या शासनाचा जो भंगलेला शिलाखंड सापडला, त्याच्या ब्राह्मी लिपीत ऱ्हस्व इकाराची खूण म्हणजे अक्षराच्या माथ्यावर उजव्या टोकाला काढलेली एक लहानशी रेघ असे, आणि दीर्घ ईकारासाठी तिच्याजवळच आणखी एक रेघ देत. पुढे शतकानुशतके लेखकांच्या हाताच्या वळणाने ऱ्हस्वाची रेघ डावीकडे कलत गेली, दीर्घाची उजवीकडे. दोन्ही लांबत लांबत पायापर्यंत उतरल्या आणि आजच्या दोन वेलांट्या झाल्या. म्हणजे बाईंचा मुलगा जी बाजू निवडतो, तीच अशोकाच्या लेखकाची बाजू होती.

मोठ्यांनाही ती निवडावीशी वाटली, याचा दाखला आपल्या काळातला आहे. १९५३ साली लखनौ येथे भरलेल्या लिपिसुधार परिषदेने ऱ्हस्व इकारही अक्षराच्या उजवीकडेच, मात्र काठी आखूड ठेवून लिहावा, अशी तजवीज सुचविली होती. लोकांचा डोळा जुन्या वळणाला इतका सरावलेला होता की ती सुधारणा टिकली नाही आणि काही वर्षांतच मागे घ्यावी लागली. मला स्वतःला ती टिकावी असे वाटत नव्हते, आजही वाटत नाही. पण पावणेपाच वर्षांचे मूल आणि विद्वानांची परिषद एकाच निर्णयाला येतात, तेव्हा त्या मुलाला हट्टी म्हणण्यापूर्वी आपण थांबले पाहिजे.

मग करावे काय? मॉंटेसोरीबाईंची सुटी अक्षरे इटालियन भाषेसाठी घडलेली. त्या भाषेत स्वर उच्चारात जेथे येतो तेथेच लिहिला जातो, त्यामुळे मुलाने ऐकावे आणि डावीकडून उजवीकडे अक्षरे मांडीत जावे, एवढ्याने काम भागते. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी ती पद्धती आपल्याकडच्या बालमंदिरांत रुजविली तेव्हा ती आपल्या लिपीशी जुळवून घेणे आले. घरी पुठ्ठ्याची अक्षरे कापून पाहा: मूल म मांडते, त्यापुढे वेलांटी मांडते, आणि मग तुम्ही ती काठी उचलून डावीकडे ठेवलीत तर त्यात पुसापुशी नसते, केवळ स्थलांतर असते. हा फरक लहान नाही. माझ्या थोरल्या मुलाच्या वेळी मी पत्र लिहिणाऱ्या बाईंप्रमाणेच ओल्या फडक्याने पुसत असे. महिन्याभरात तो ‘कमळ’, ‘बदक’, ‘मगर’ असे बिनवेलांटीचे शब्द तेवढे लिहू लागला, आणि ‘विमान’ हा त्याचा अत्यंत लाडका शब्द त्याच्या पाटीवरून नाहीसा झाला. याची हळहळ मला अजून वाटते.

नातीला मी काहीच सांगितले नाही. आजीने मात्र स्वयंपाकघरातील बरण्यांवर ठळक अक्षरांत चिठ्ठ्या चिकटविल्या, आणि नात येता-जाता त्यांवरून बोट फिरवू लागली. दिवाळीच्या सुमारास एका सकाळी ती मिरचीच्या बरणीपुढे बराच वेळ उभी राहिली व म्हणाली, “आजोबा, ही काठी आधीच येऊन बसली आहे.” त्यानंतर पंधरा दिवस तिने प्रत्येक वेलांटी आधी बसविली, ‘आजी’मधील दुसरीसुद्धा, आणि मग तेही आपोआप निवळले. तेव्हा बाई, फडके बाजूला ठेवा, मुलाच्या शब्दाशेजारी तोच शब्द नीट लिहून ठेवा, आणि दोन-तीन महिन्यांची मुदत द्या.

नात मिरचीच्या बरणीपुढे थबकली त्याच आठवड्यात तिने त्या बरणीचे चित्र काढले. बरणी चिनी मातीची, आतले काही दिसणे शक्य नाही. पण मिरच्या आत आहेत हे तिला ठाऊक असल्याने त्या बाहेरून स्वच्छ दिसतात. फ्रान्समधील ल्यूके यांनी १९२७ च्या आपल्या ग्रंथात मूल डोळ्याला दिसते ते न काढता मनाला ठाऊक असते ते काढते, असे जे प्रतिपादले, त्याचा हा घरचा पुरावा. बरणीवरच्या चिठ्ठीत मात्र वेलांटी म च्या डावीकडे आहे, आणि शेजारी उभ्या असलेल्या आजीला प्रथमच धड आहे. त्याविषयी पुढच्या आठवड्यात.