सेप्ट्रिडियम डिसेक्टम

सेप्ट्रिडियम डिसेक्टम ही ऑफिओग्लॉसेसी कुलातील नेच्याची एक बहुवर्षायू जाती आहे. ती मूळची उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील असून कॅनडातील नोव्हा स्कॉशियापासून दक्षिणेस फ्लॉरिडापर्यंत आढळते. बीजाणुकोशांचे झुपके द्राक्षांच्या घडासारखे दिसत असल्याने तिला इंग्रजीत ‘ग्रेपफर्न’ म्हणतात.

वर्गीकरण

जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कुर्ट श्प्रेंगेल यांनी १८०४ मध्ये या जातीचे वर्णन बोट्रिकियम प्रजातीत केले. ‘बोट्रिस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ द्राक्षांचा घड असा आहे. १९०५ मध्ये तिचा समावेश सेप्ट्रिडियम या प्रजातीत करण्यात आला. मात्र काही ग्रंथांत जुनेच नाव वापरले जाते. महाराष्ट्रात सह्याद्रीच्या परिसरात आढळणारी ऑफिओग्लॉसम ही प्रजाती याच कुलातील आहे.

वर्णन

जमिनीखालील आखूड, उभ्या खोडापासून दरवर्षी सामान्यतः एकच पान येते. त्याचे दोन भाग असतात: एक पसरट, हिरवा व वंध्य, तर दुसरा उभा व बीजाणुकोश धारण करणारा. वंध्य भागाच्या कडा कधी साध्या दातेरी, तर कधी अतिशय बारीक चिरलेल्या असतात. ही दोन्ही रूपे एकाच ठिकाणी शेजारीशेजारी वाढलेली दिसतात. मुळे मांसल असून त्यांवर मूलरोम नसतात. त्यांची उणीव मुळांतील सहजीवी कवक भरून काढतात. इतर बहुतेक नेच्यांप्रमाणे याचे कोवळे पान गुंडाळलेले नसते.

जीवनचक्र

नवे पान उन्हाळ्यात उगवते आणि शरद ऋतूत बीजाणू विखुरले जातात. त्यानंतर फलक्षम भाग सुकतो, परंतु वंध्य भाग हिवाळाभर टिकतो. थंडीत त्याला अनेकदा तांबूस छटा येते. वसंतात तो वाळतो. वरच्या वृक्षांची पानगळ झाल्यावर जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या सूर्यप्रकाशाचा त्याला लाभ होतो.

बीजाणूपासून तयार होणारा गंतुकधारी जमिनीखाली वाढतो. त्यात हरितद्रव्य नसल्याने तो अन्नासाठी पूर्णतः कवकांवर अवलंबून असतो. पहिले पान जमिनीवर येण्यास अनेक वर्षे लागू शकतात. प्रौढ वनस्पतीही एखाद्या वर्षी पान न काढता जमिनीखाली जिवंत राहू शकते. त्यामुळे एका वर्षाच्या गणनेवरून तिची खरी संख्या ठरवणे योग्य नसते.

अधिवास व संवर्धन

पानझडी वने, झुडपी जमिनी आणि पडीक शेते येथे ही जाती वाढते. ती एकंदरीत दुर्मीळ नाही. तथापि कवकांशी असलेल्या घट्ट संबंधामुळे ती उपटून बागेत लावल्यास सहसा जगत नाही.

तिच्या नातलगांपैकी काहींची स्थिती मात्र नाजूक आहे. उत्तर अमेरिकेच्या हिमयुगात बर्फाच्छादित असलेल्या उत्तर भागातील वनांमध्ये मूळचे गांडूळ नव्हते. युरोपातून आलेल्या गांडुळांनी तेथील पालापाचोळ्याचा थर खाऊन टाकल्याने मिनेसोटातील बोट्रिकियम मॉर्मो ही लहानशी जाती अनेक ठिकाणांहून नाहीशी झाली. शेतजमिनीचा मित्र मानला जाणारा प्राणी परक्या वनात विनाशकारी ठरू शकतो, याचे हे उदाहरण आहे. म्हणून या कुलातील वनस्पतींच्या रक्षणात झाडासोबतच त्याखालची माती, पाचोळा आणि कवक यांचेही रक्षण महत्त्वाचे ठरते.