अर्धा वाटा शिंपल्याचा

अर्धमोत्याचे पदक हातात आले की आधी ते उलटे करून पाहावे. समोरून दिसतो तो मोत्याचा घुमट. दिव्याखाली जरा हलवला की त्यावरून गुलाबी, निळसर, कधी सोनेरी झाक सरकते. मागे मात्र शिंपल्याची सपाट, पॉलिश केलेली चकती असते. घुमट आणि चकती जिथे मिळतात तिथे केसाएवढी बारीक रेघ असते. चांगला कारागीर ही रेघ सोन्याच्या किंवा चांदीच्या कडेखाली नीट घेतो, कारण घाम, अत्तर आणि पाणी आत शिरते ते याच सांध्यातून. गोल मोती शिंपल्यातून निघतो तेव्हा त्याचे काम संपलेले असते. अर्धमोत्याचे तेव्हा निम्मे काम उरलेले असते आणि ते माणसाच्या हाताने व्हायचे असते. या निम्म्या कामाकडे कुणी फारसे लक्ष देत नाही, म्हणून हा लेख.

आधी गल्लत टाळू. हस्तकलेच्या दुकानात ‘हाफ पर्ल’ मागितले तर रांगोळीच्या पाटावर, नाहीतर रुखवताच्या वस्तूंवर चिकटवायचे प्लॅस्टिकचे सपाट मणी मिळतात. त्यांचा शिंपल्याशी काही संबंध नाही. व्हिक्टोरियन काळातल्या इंग्रजी दागिन्यांत बारीक नैसर्गिक मोती मधोमध कापून जडवत, त्यांनाही अर्धे मोतीच म्हणत. सराफाकडचा चपटा ‘बटण मोती’ हा पूर्ण मोतीच, फक्त एका अंगाने दबलेला. आपण बोलतोय तो मोती शिंपल्याच्या भिंतीला चिकटून वाढवलेला. व्यापारात त्याला ‘माबे’ म्हणतात. पंखाच्या आकाराच्या ‘टेरिया पेंग्विन’ या शिंपल्याचे ते जपानी नाव, आणि आता ते साऱ्या अर्धमोत्यांना लागले आहे.

हा मोती अर्धाच का होतो, हे शिंपल्याच्या रचनेत आहे. आतल्या मऊ प्राण्याभोवती प्रावरण नावाचा पातळ पडदा असतो. त्याच्या बाहेरच्या बाजूच्या पेशी आयुष्यभर कवचाला आतून गिलावा करत राहतात. ॲरागोनाइटच्या अतिसूक्ष्म चकत्या आणि त्यांना धरून ठेवणारे सेंद्रिय द्रव्य, असे थरावर थर चढतात. एकेक चकती अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे जवळपास प्रकाशाच्या तरंगलांबीएवढी जाड असते. मोत्याचे पाणी म्हणतात ते या थरांमधून परतणाऱ्या प्रकाशाचे. कवचाच्या आतल्या भिंतीवर काही चिकटून बसले की प्रावरण त्यावरही गिलावा चढवते. पण तो वरच्या बाजूनेच चढू शकतो. खालची बाजू भिंतीला टेकलेली असते.

माणसाने ही खोड फार पूर्वी हेरली. चीनमध्ये हूचौच्या परिसरात तेराव्या शतकापासून गोड्या पाण्यातल्या ‘क्रिस्टारिया प्लिकाटा’ या मोठ्या शिंपल्यात बुद्धाच्या शिशाच्या किंवा कथलाच्या छोट्या मूर्ती सरकवत. ये जिनयांग या माणसाकडे त्या शोधाचे श्रेय जाते. शिंपले तळ्यात ठेवून काही काळाने उघडले की भिंतीवर मोत्याने मढलेल्या बुद्धांची रांग उठून दिसे. असे शिंपले एकोणिसाव्या शतकात युरोपच्या संग्रहालयांत पोहोचले. आजही ते पाहताना वाटते, की मोत्याच्या शेतीची खरी सुरुवात इथेच झाली. तिचा मान मात्र दुसऱ्याच देशाला मिळाला.

तो देश जपान आणि माणूस मिकिमोतो कोकिची. 1858 साली तोबा गावात उदोन शेवयांचे दुकान चालवणाऱ्याच्या घरी तो जन्मला. मोत्यांच्या हावेपोटी त्या किनाऱ्यावरचे अकोया शिंपले संपत आले होते, म्हणून त्याने आधी शिंपल्यांचीच लागवड सुरू केली. मग टोकियो विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ मित्सुकुरी काकिची यांच्याकडून त्याला कळले, की बाहेरची वस्तू आत घातली तर शिंपल्याकडून मोती करवून घेणे शक्य आहे. 1892 मध्ये समुद्रात तांबडी लाट आली. सूक्ष्म जीवांच्या अतोनात वाढीने पाणी गढूळ लाल होते आणि प्राणवायूवाचून शिंपले मरतात, ती ही लाट. एका उपसागरातली त्याची सगळी लागवड गेली. तोबाजवळच्या ओजिमा बेटाशी ठेवलेले शिंपले तेवढे वाचले. 11 जुलै 1893 रोजी तिथली टोपली वर काढली, आणि पत्नी उमेच्या हातातल्या शिंपल्यात भिंतीला चिकटलेला अर्धमोती निघाला. 1896 मध्ये त्याला या पद्धतीचे पेटंट मिळाले आणि त्याच वर्षी उमे गेली. मोत्याच्या इतिहासात तिचे नाव येते ते बहुधा या एका प्रसंगापुरते. पण कर्ज, मेलेले शिंपले आणि शेजाऱ्यांची टवाळी, या साऱ्या वर्षांत ती त्या धंद्यात बरोबरीने राबत होती.

1899 मध्ये टोकियोच्या गिंझा भागात मिकिमोतोचे दुकान उघडले तेव्हा त्याच्याकडे विकायला संवर्धित गोल मोती नव्हतेच. ते पुढच्या शतकात आले. धंदा उभा राहिला तो अर्धमोत्यांवर. अर्धमोती दोऱ्यात ओवता येत नाही. त्याला आरपार भोक पाडून सर करता येत नाही, त्याला बसवायला काहीतरी घडवावेच लागते. दागिने घडवण्याचा स्वतःचा कारखाना मिकिमोतोने पुढे काढला, त्यामागे ही गरज नक्की असणार असे मला वाटते. दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. 1921 मध्ये जपानचे संवर्धित गोल मोती लंडनच्या बाजारात आले तेव्हा वर्तमानपत्रांतून गदारोळ उठला, पॅरिसमध्ये प्रकरण न्यायालयात गेले. त्याआधीच्या अर्धमोत्यांवर असा कल्लोळ झाला नव्हता, कारण जवाहिऱ्याने दागिना उलटा केला की त्याला सगळे कळत होते.

आता प्रत्यक्ष काम. गोल मोत्यासाठी शिंपल्याच्या शरीरात चीर द्यावी लागते आणि दुसऱ्या शिंपल्याच्या प्रावरणाचा तुकडा केंद्रकासोबत, म्हणजे ज्याभोवती मोती वाढतो त्या मण्यासोबत, आत ठेवावा लागतो. ती खरीखुरी शस्त्रक्रिया आहे. हात बसायला वर्षे लागतात आणि चुकला तर शिंपला मरतो. अर्धमोत्यासाठी शिंपला थोडा उघडून पाचर लावतात, प्रावरण हलकेच मागे सारतात आणि प्लॅस्टिकची अर्धगोल टिकली डिंकाने कवचाला चिकटवतात. एका शिंपल्यात दोन्ही शिंपांवर मिळून तीन-चार टिकल्या सहज मावतात. मग शिंपला परत पाण्यात. पुढे वर्षभर किंवा जास्त वाट पाहायची, वाढणारे शेवाळ आणि शंखजीव खरवडून शिंपले स्वच्छ ठेवायचे.

न्यूझीलंडच्या पावा या निळ्या-हिरव्या ॲबलोनीच्या, म्हणजे एका सागरी गोगलगायीच्या बाबतीत तर ही पद्धत जवळपास सक्तीचीच ठरते. ॲबलोनीचे रक्त गोठत नाही. चीर दिली तर रक्त वाहूनच ती मरण्याचा धोका असतो. म्हणून तिच्या कवचाला टिकली चिकटवतात आणि मोरपिसासारखे निळे अर्धमोती मिळतात. मेक्सिकोत ग्वायमासच्या किनाऱ्यावर टेरिया स्टेर्ना शिंपल्यातून येणाऱ्या मोत्यांची तऱ्हा आणखी वेगळी. अतिनील दिव्याखाली ते लालसर उजळतात, त्यामुळे त्यांची ओळख पटवणे सोपे जाते.

चीर नाही, परदेशी तंत्रज्ञाची गरज नाही, भांडवल बेताचे. त्यामुळे अर्धमोती गरीब किनाऱ्यांना परवडतो. टोंगामध्ये टेरिया पेंग्विन शिंपले 1970च्या दशकात जपानहून आणले गेले. आज तिथे लहान कुटुंबे हे मोती पिकवतात. फिजीतल्या खेड्यांत आणि झांझिबारच्या फुम्बा भागात महिलांचे गट हे काम करतात. शिंपल्याचे मांस घरी खाल्ले जाते, कवचाचे कोरीवकाम होते आणि मोती पर्यटकांना विकला जातो. यातला माझ्या मते मोलाचा भाग असा, की नुसता काढलेला घुमट विकण्यापेक्षा त्याच गावात चांदीच्या कड्यात बसवून विकला तर जास्तीचा पैसा गावातच राहतो. त्यासाठी तिथल्या बायकांना कापणे, घासणे, जडवणे शिकवण्याचे प्रकल्प ऑस्ट्रेलियाच्या मदतीने चालले.

या कापण्या-घासण्याकडे जरा जवळून पाहू. शिंपल्यावरचा घुमट हिऱ्याच्या कणांची धार असलेल्या पोकळ ड्रिलने गोल कापून काढतात. तेही पाण्याखाली, कारण शिंपल्याची धूळ फुप्फुसांना वाईट. कापल्यावर आतली टिकली सहसा अलगद सुटते, मोत्याचा थर तिला धरून बसत नाही. हातात उरते ती मिलिमीटरभर जाडीची, कधी त्याहूनही पातळ वाटी. ती उजेडासमोर धरली तर पलीकडचे बोट धूसर दिसते. आत राहिलेले सेंद्रिय अवशेष पुढे मोती काळा पाडतात, म्हणून ती आतून स्वच्छ करून वाळवतात. मग तिच्यात राळ भरतात, तळ सपाट घासतात, मागे शिंपल्याची चकती चिकटवून कड एकसारखी करतात. काही ठिकाणी वाटीला आतून रंग देतात आणि तो नैसर्गिक झाक म्हणून खपवतात. हे मात्र चुकीचे आहे. जागतिक दागिने संघटनेच्या नियमावलीत अशा मोत्याला ‘जोडून तयार केलेला संवर्धित मोती’ म्हणतात. पावतीवर तसे लिहायला कुठल्याही सराफाला संकोच वाटू नये.

मग मोती सोनाराच्या चौपाटाशी येतो. दोन घुमट कधी तंतोतंत सारखे नसतात. एक जरा उंच, एक कडेला किंचित बसका. साच्यातून ओतलेल्या तयार घरात असा मोती नीट बसत नाही. प्रत्येकासाठी पट्टी वेगळी मापून वळवावी लागते, आणि म्हणूनच हा मोती हाताच्या कामाचा. मोती येतो सर्वांत शेवटी. डाग, तेजाब, पॉलिश हे सगळे आधी उरकायचे. मोती म्हणजे चुनाच, आम्लात तो विरघळतो. आचेने आतली राळ सुटते. घर मऊ शुद्ध चांदीचे केले तर कमी दाबाने वळते. घुमटावर कागदी चिकटपट्टी लावतात, कारण ओपणीचा हात घसरला तर मोत्यावर ओरखडा उठतो आणि तो घासून काढायला थर पुरत नाही. कड इतकीच वर घ्यायची की सांधा झाकेल. त्याहून वर गेली तर घुमट गिळला जातो. मला स्वतःला मागचा पत्रा पूर्ण बंद नसलेले काम आवडते. त्यात जाळीतून मागची चकती दिसते आणि घेणाऱ्याला काय घेतो ते कळते. अर्धमोत्याची अंगठी मात्र घेऊ नये. रोजच्या धुण्या-भांड्यात ती फार दिवस टिकत नाही. कुडी, पदक, साडीची पिन यांत तो वर्षानुवर्षे राहतो.

भारतात हे तंत्र दोन वाटांनी रुजले. थूथुकुडीला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे के. अलगरस्वामी यांनी 1973 मध्ये खाऱ्या पाण्यात गोल मोती घडवला. त्याच संस्थेने पुढे अंदमानात टेरिया पेंग्विनपासून माबे मोतीही काढले. गोड्या पाण्याची वाट भुवनेश्वरजवळच्या केंद्रीय गोडे जल मत्स्यपालन संस्थेची. आपल्या नद्या-तळ्यांत सापडणाऱ्या लॅमेलिडेन्स शिंपल्यात प्रावरण आणि कवच यांच्यामध्ये चार ते सहा मिलिमीटरचा मणी किंवा गणपती, बुद्ध अशी छोटी प्रतिमा बसवायची. दहा दिवस शुश्रूषा, मग नायलॉनच्या पिशवीत दोन-दोन शिंपले घालून मीटरभर खोल टांगायचे. बारा ते अठरा महिन्यांनी अर्धगोल किंवा प्रतिमेचा मोती मिळतो. तत्त्व हूचौचेच.

महाराष्ट्रात शेततळे असलेल्या अनेक तरुणांनी हे करून पाहिले आहे. काहींना जमलेही. पण ‘पैसे भरा, शिंपले घ्या, मोती आम्हीच विकत घेऊ’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागून हात पोळलेलेही आहेत. माझे म्हणणे एवढेच, की प्रतिमेच्या मोत्याला ठरलेला बाजारभाव नसतो. तो घडवून वापरात आणणारा कुणी असेल तरच त्याला भाव येतो. शेतकऱ्याने पहिला शिंपला सोडण्याआधी हा माणूस शोधायला हवा.

आणि तो इथे आहे. आपले मोत्याचे दागिने बहुतेक ओवण्याचे: नथ, चिंचपेटी, बाजूबंद. भोक न पडणाऱ्या मोत्याला त्यांत जागा नाही. तन्मणीच्या खोडाचे तसे नाही. तिथे जडवायला मधली जागा मोकळी असते आणि तिथे खड्याऐवजी दहा-बारा मिलिमीटरचा अर्धमोती बसला तर भोवतीच्या सरांशी त्याचे पाणी जुळेल. कुडीच्या मधल्या फुलालाही तो शोभेल. कोल्हापूर जिल्ह्यात हुपरीला घरोघर चांदीकाम चालते. पट्टी वळवणे, डाग देणे, कड ओपणे हे तिथल्या हातांना नवे नाही. शेततळ्यातल्या मोत्यांचा पहिला लहानसा गठ्ठा अशा एखाद्या कारागिराकडे द्यावा, थर पातळ निघालेले त्याच्याकडूनच वेगळे काढून घ्यावेत आणि पुढच्या वर्षी शिंपले किती महिने ठेवायचे ते त्याला विचारून ठरवावे.