ओहोटी, करवंदं आणि अंगातलं रक्त

माझं आजोळ रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठी. मे महिन्यात आजी अमावास्या-पुनवेची ओहोटी बघून निघायची, कारण तेव्हा पाणी सगळ्यात दूर ओसरतं. बाया चिखलातून तिसऱ्या वेचायच्या, खडकावरची कालवं फोडायच्या. मामा पाग टाकायचा. परतताना सड्यावरच्या जाळीतली करवंदं ओच्यात. पिकलेली आम्हा पोरांना, कच्च्यांची चटणी. तिसऱ्यांचं कालवण आणि ती चटणी एकाच ताटात यायची.

त्या ताटाची किंमत मला नर्सिंग शिकताना कळली. मासळी-शिंपल्यांतलं लोह पालेभाजीतल्या लोहापेक्षा शरीर सहज घेतं. आंबटातलं क जीवनसत्त्व भाजी-भाकरीतलं लोहही अंगी लावतं. तिसऱ्यांत बी-१२ भरपूर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायांना रक्तक्षय आढळला.

वस्तीत रक्त तपासताना एक कोकणातली ताई हळूच म्हणाली, "सिस्टर, गावाहून सुकट येते, पण वासाने शेजारी नाक मुरडतात, म्हणून करतच नाही." तिचं हिमोग्लोबिन होतं आठ. मला राग आला, तिचा नव्हे, त्या नाकांचा.

तर ताई, सुकट करा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, ताजी मासळी महागते, तेव्हा सुकीच कामाला येते. बीपी असेल तर दोन-तीन पाण्यांत भिजवून धुवा, वरून मीठ घालू नका. करवंदं नसतील तर भांडं उतरवल्यावर लिंबू पिळा, कारण उकळीत क जीवनसत्त्व जातं. जेवणावर लगेच चहा नको, तासभर थांबा. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या मात्र चालूच ठेवा. सुकटीने गोळी सुटत नाही.

तिसऱ्या कुठून येतात तेही विचारा. शिंपला पाणी गाळून खातो, त्यामुळे पाण्यातली घाण त्याच्यात साठते. नाल्याच्या तोंडाशी किंवा कारखान्याचं पाणी सुटतं तिथे वेचलेल्या नकोत. शिजवून जंतू मरतात, रसायन जात नाही. शिजल्यावरही न उघडलेली तिसरी फेकून द्या. खाल्ल्यावर अंगावर गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील, तर शिंपले-कोळंबी बंद. श्वास लागला तर सरळ दवाखाना.

परवा मामाचा फोन आला. सड्याची जागा विकली गेली, भोवती कंपाउंड पडलं, करवंदाच्या जाळ्या तोडल्या. खाडीत उतरायची वाट अजून उघडी आहे, म्हणाला.